कादंबरीतील अश्रू आणि वाचकाचे हात



व्याख्यानमालेचे निमंत्रण हाती पडले तेव्हा चिटणिसांचा काही घोटाळा झाला असावा अशी मला प्रथम शंका आली. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावे आणि मजसारख्याने खाली खुर्च्या मांडाव्यात, हाच शिरस्ता मी पाहत आलो. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावीनंतर कारखान्याच्या फाटकात शिरलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो, तो आजतागायत. जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या कृपेने, आणि त्यातलेही बरेचसे रात्रपाळीत. तेव्हा साहित्यशास्त्राचा अधिकार मला नाही. मी वाचकाच्या बाजूने बोलणार आहे, आणि वाचक कोणालाही होता येते.

विषयाला तोंड फोडण्यापूर्वी एक घडलेली गोष्ट सांगतो. ती माझ्या विरुद्ध जाणारी आहे, म्हणूनच सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी माझ्या हाती आली. ती 2002 साली प्रसिद्ध झाली आणि 2004 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकूनसवरून नोकरी न लागलेला एकनाथ, त्याचे कोरडवाहू शेत, घरातली रोजची ओढाताण हे सारे वाचता वाचता रात्रीचे दोन वाजले. पुस्तक मिटले तेव्हा डोळे भरून आले होते, आणि खोटे कशाला सांगू, आपले मन अजून दगड झालेले नाही याचे मला थोडे समाधानही वाटले. सकाळी जागरणाने डोके जड झाले होते. तशात युनियनच्या कचेरीत एक कंत्राटी सफाई कामगार आला. तीन महिन्यांचा पगार थकलेला. मुकादम दाद देत नव्हता. तो दारातच उभा राहून सांगू लागला. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “उद्या ये.” तो “बरं भाऊ” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. कागदावरच्या एकनाथासाठी रात्री दोनपर्यंत रडणारा मी, दारात उभ्या असलेल्या जिवंत माणसाला “उद्या ये” म्हणालो, हे कसे? त्या रात्रीच्या अश्रूंची किंमत काय? की त्या अश्रूंमुळेच मी सकाळी मोकळा झालो होतो? हा प्रश्न माझा एकट्याचा नाही, फार जुना आहे, असे पुढे वाचनातून कळत गेले. त्याचाच थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडणार आहे.

ज्याला आपण आज कादंबरी म्हणतो, ती वाचून घराघरांत माणसे रडू लागली ती युरोपात अठराव्या शतकात. आणि मौज अशी की, या रडण्याचे पहिले मोठे कारागीर दोघेही श्रमिकांच्या घरातले. इंग्लंडचा सॅम्युएल रिचर्डसन हा सुताराचा मुलगा. छापखान्यात उमेदवारी करून तो मुद्रक झाला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर कादंबरीकार झाला. त्याची ‘पामेला’ 1740 साली निघाली. तिची नायिका घरकाम करणारी एक मुलगी, आणि सारी गोष्ट तिच्याच पत्रांतून सांगितलेली. आजवर मोलकरीण पुस्तकात आली तर चहाड्या करायला किंवा हसवायला येई. इथे ती “मी” म्हणून बोलू लागली. पुढे 1747-48 साली ‘क्लॅरिसा’चे सात खंड क्रमाक्रमाने बाहेर पडू लागले, तेव्हा वाचक लेखकाला पत्रे धाडू लागले की, कृपा करून या मुलीला मारू नका. रिचर्डसनने ऐकले नाही. क्लॅरिसा मेली, आणि अनेक घरांत खरोखरीचे सुतक आल्यासारखे झाले.

दुसरा कारागीर म्हणजे जिनिव्हाच्या घड्याळजीचा मुलगा ज्याँ जाक रुसो. हाही लहानपणी एका कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला होता. त्याची ‘ज्युली’ 1761 साली प्रसिद्ध झाली. शतक संपेपर्यंत तिच्या सुमारे सत्तर आवृत्त्या निघाल्या. मागणी एवढी की, पॅरिसमधले पुस्तकविक्रेते ती तासाच्या भाड्याने देत. वाचकांची पत्रे रुसोकडे ढिगांनी येऊ लागली. धर्मोपदेशक, सैनिक, व्यापारी, घरंदाज बायका, सर्वांचे एकच सांगणे: आम्ही रडलो, आणि रडून आम्ही अधिक चांगले झालो असे आम्हांला वाटते. ज्युली खरोखर होऊन गेली का, हेही अनेकांनी विचारले. रॉबर्ट डार्नटन या अमेरिकन इतिहासकाराने ही पत्रे बारकाईने वाचून त्यांवर 1984 साली लिहिले आहे. पुस्तकातले माणूस आणि जगातले माणूस यांमधली भिंत त्या वाचकांपुरती पडली होती, हे त्यावरून ध्यानात येते.

परंतु याच रुसोने तीनच वर्षे आधी, 1758 साली, नाटकांच्या संदर्भात एक गोष्ट लिहून ठेवली होती. तिचा सारांश असा: रंगभूमीवरच्या खोट्या दुःखासाठी अश्रू ढाळले की माणुसकीचे सारे देणे आपण फेडले असे प्रेक्षकाला वाटते. खऱ्या दुःखिताला मदत करायची तर त्याच्यासाठी वेळ द्यावा लागतो, पैसा द्यावा लागतो, त्रास सोसावा लागतो. नाटकातल्या दुःखिताला यांतले काहीच लागत नाही. म्हणून तो आपल्याला अधिक आवडतो.

मी हे वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवले. अडीचशे वर्षांपूर्वी कोणी माझ्या कचेरीच्या खिडकीतून डोकावून गेल्यासारखे वाटले. ज्याने हे लिहिले त्यानेच पुढे साऱ्या फ्रान्सला रडविले, ही एक गंमत. आणि दुसरी गोष्ट गंमत म्हणण्यासारखी नाही: या रुसोने आपली पाचही मुले जन्मतः अनाथालयात टाकली होती. ते त्याने स्वतःच पुढे कबूल केले. अश्रूंची इतकी पारख असलेल्या माणसाचे हे झाले. तेथे तुमची आमची काय कथा?

येथे प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. लिन हंट या इतिहासलेखिकेने 2007 साली मानवी हक्कांच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, पामेला, क्लॅरिसा, ज्युली यांच्यासाठी रडता रडता वाचकांना एक सवय लागली. आपल्याहून वेगळ्या थरातल्या माणसाच्या अंतःकरणातही आपल्यासारखेच काही चालले आहे, हे त्यांना जाणवू लागले. ही सवय लागली म्हणूनच पुढे ‘सर्व माणसे समान’ हे वाक्य लोकांना पटण्याजोगे वाटले. 1789 साली फ्रान्समध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला, त्यामागे या कादंबऱ्यांनी नांगरलेली जमीन होती.

या म्हणण्यात तथ्य आहे असे मला वाटते. पण हिशेब पुरा करायचा तर पुढचे पानही उलटले पाहिजे. जाहीरनामा निघाला तेव्हा फ्रान्सच्या वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर लाखो गुलाम राबत होते. त्यांची बेडी जाहीरनाम्याने तुटली नाही. 1791 च्या ऑगस्टमध्ये सां-दोमिंग्यूच्या गुलामांनी स्वतः उठाव केला, त्यानंतर 1794 साली फ्रान्सने गुलामी रद्द केली. 1802 साली नेपोलियनने ती पुन्हा आणली. आणि 1804 च्या पहिल्या दिवशी त्या गुलामांनी हैती हे स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. अश्रूंनी जमीन भिजली असेल, पण पीक उभे केले ते ज्यांच्या हातांना घट्टे होते त्यांनी.

आता आपण अमेरिकेत जाऊ. वाचकाच्या अश्रूंचा जगातला सर्वांत प्रसिद्ध दाखला तेथला आहे. 1850 साली तेथे असा कायदा झाला की, पळालेल्या गुलामाला उत्तरेकडच्या नागरिकांनीही पकडून द्यावे. त्याने संतापलेल्या हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिली. 1851 च्या जूनपासून ती वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकात क्रमशः आली आणि 1852 च्या मार्चमध्ये पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे 3 लाख प्रती खपल्या. इंग्लंडात स्वस्त आवृत्त्यांचा तर पूर लोटला, नाटके झाली. घरोघर लोक हुंदके देऊन रडले. “ही छोटी बाई म्हणजे त्या मोठ्या युद्धाला कारण” असे लिंकन म्हणाले अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन पुरावा नाही, म्हणून ती बाजूला ठेवू. पुरावा आहे तेवढाच पुष्कळ बोलका आहे.

1852 च्या अखेरीस लंडनमध्ये सदरलंडच्या डचेसबाईंच्या वाड्यात प्रतिष्ठित स्त्रियांची सभा भरली. अमेरिकेतल्या भगिनींनी गुलामी संपवावी, असे आवाहन तेथे तयार झाले. त्यावर पाच लाखांवर ब्रिटिश स्त्रियांच्या सह्या जमल्या. सह्यांचे 26 जाडजूड खंड बांधून 1853 साली ते स्टोबाईंच्या स्वाधीन करण्यात आले. एका कादंबरीने पाच लाख सह्या मिळवाव्यात, ही साधी गोष्ट नाही. सह्या गोळा करण्याचे काम मी पुष्कळ केले आहे. पाचशे गोळा करताना काय होते ते मला ठाऊक आहे.

त्या वेळी लंडनमध्येच कार्ल मार्क्स हा निर्वासित हलाखीत राहत होता आणि न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रासाठी लिहून पोट भरत होता. 1853 च्या आरंभी त्याने एक लेख लिहिला. त्यात त्याने विचारले की, या सदरलंड घराण्याची श्रीमंती आली कोठून? स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखात या घराण्याची अफाट जमीन. 1814 ते 1820 या वर्षांत मेंढ्यांची कुरणे करण्यासाठी तेथली गावे उठविण्यात आली, घरे जाळण्यात आली. मार्क्सने आकडा दिला आहे: सुमारे 3,000 कुटुंबे, म्हणजे 15,000 माणसे. दूरच्या गुलामासाठी डोळे ओले, आणि आपल्याच कुळांच्या राखेवर वाडा उभा. मार्क्सचा टोला कडक होता. डचेसबाईंच्या सहीने कोणा गुलामाचे नुकसान झाले असे नाही. पण अश्रूंना दूरचे दुःख अधिक मानवते, कारण दूरच्या दुःखात आपला स्वतःचा वाटा दिसत नाही, हे त्या लेखातून मी शिकलो.

याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हा कापडगिरणीच्या मुलखातल्या लोकांना जवळची आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि कापूस थांबला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. लाखो लोक मदतीच्या अन्नावर आले. दक्षिणेची नाकेबंदी मोडा, कापूस सुरू होईल, असे सांगणारे तेथे थोडे नव्हते. उपाशी कामगारांतही असे म्हणणारे होते, हे लपविण्यात अर्थ नाही. तरीही 31 डिसेंबर 1862 रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये मोठी सभा भरली, आणि त्या सभेने लिंकनला पत्र लिहून गुलामीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. 19 जानेवारी 1863 रोजी लिंकनने त्याला उत्तर लिहिले आणि लँकेशायरच्या कामगारांच्या हालांचा व धैर्याचा आदराने उल्लेख केला. डचेसबाईंची सही आणि या सभेत वर गेलेले हात, दोन्ही एकाच पक्षाचे. फरक एवढाच की, एका सहीला खर्च शाईचा होता आणि दुसऱ्या हाताला भाकरीचा.

ती भाकरी कोठे गेली? थोडी आपल्याकडेही आली. अमेरिकेचा कापूस बंद पडताच खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरांचा जुगार झाला आणि 1865 साली युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. मुंबईची पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झालेलीच होती. पुढच्या काळात गिरण्या वाढल्या, आणि त्यांतून जो कामगार निर्माण झाला त्याची नातवंडे-पतवंडे आज या सभागृहातही बसलेली असतील. आणखी एक धागा आहे. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. दूरच्या लोकांचे उदाहरण जोतीरावांनी घेतले ते आपल्या दाराशी असलेले दुःख दाखविण्यासाठी. डचेसबाईंच्या नेमका उलटा हा मार्ग.

स्टोबाईंच्या कादंबरीविषयी शेवटची साक्ष एका कृष्णवर्णीय लेखकाची काढतो. जेम्स बाल्डविन याने 1949 साली तिच्यावर कठोर लेख लिहिला. भावनेचे असे उधळलेले प्रदर्शन हे खऱ्या भावनेचे लक्षण नसून तिच्यापासून पळण्याचे आहे, असा त्याचा आरोप. ज्याच्यासाठी रडायचे तो टॉम इतका सोशिक, इतका साधू केला आहे की, तो माणूसच उरत नाही. आम्हां युनियनवाल्यांना याचा रोज अनुभव येतो. कामगार हात जोडून उभा राहिला की लोकांचे डोळे पाणावतात. तोच ताठ उभा राहून हक्काचे मागू लागला की तेच डोळे वटारले जातात.

आता तिसरा दाखला, माझ्या धंद्यातला. 1904 च्या उन्हाळ्यात शिकागोच्या मांस-कारखान्यांतल्या कामगारांनी संप केला आणि तो हरला. त्या वर्षाच्या अखेरीस अप्टन सिंक्लेअर हा तरुण लेखक तेथे सात आठवडे राहिला, कामगारांच्या घरांत बसला, कारखान्यांत हिंडला. ‘द जंगल’ ही त्याची कादंबरी 1905 साली एका समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली आणि 1906 च्या फेब्रुवारीत पुस्तकरूपाने निघाली. लिथुआनियाहून आलेला यूर्गिस, त्याची बायको ओना, रस्त्यातल्या चिखलपाण्यात बुडून मेलेले त्यांचे मूल. पुस्तक अमेरिकेच्या श्रमिकांनाच अर्पण केलेले. वाचकांत खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने चौकशीला माणसे पाठविली. 30 जून 1906 रोजी दोन कायदे झाले: एक मांसाच्या तपासणीचा, दुसरा अन्न आणि औषधांतल्या भेसळीविरुद्धचा.

कामगाराला काय मिळाले? काही नाही. मजुरी वाढली नाही, तास घटले नाहीत, युनियनला मान्यता मिळाली नाही. वाचकाला पुस्तकातली जी पाने जाऊन भिडली ती सडक्या मांसाची होती, कारण ते मांस त्याच्या ताटात येत होते. आपण लोकांच्या हृदयावर नेम धरला होता पण तो चुकून पोटाला लागला, अशा अर्थाचे सिंक्लेअर पुढे स्वतःच म्हणाला. कायदे वाईट नव्हते. त्यांनी पुष्कळांचे प्राण वाचविले असतील. पण त्या कारखान्यांत युनियन पक्की रुजली ती 1930 नंतरच्या दशकात, गोरे आणि काळे कामगार एकाच संघटनेत आले तेव्हा. कादंबरी आणि ही गोष्ट यांत तीस वर्षांचे अंतर आहे. ते अंतर अश्रूंनी भरून निघाले नाही. रात्री-बेरात्रीच्या बैठकांनी आणि वर्गणीच्या पावत्यांनी भरून निघाले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, तुमच्या मते कादंबरी वाचणेच व्यर्थ. तसे मला मुळीच म्हणायचे नाही, आणि का, ते सांगण्यासाठी मी आता आपल्या घरी परत येतो, 1890 या वर्षात.

त्या वर्षी पुण्यात हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यांचे वय तेव्हा जेमतेम सव्वीस. घरातल्या बायकामुलांसह सर्वांनी वाचावे असे ते पत्र. त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि 1893 पर्यंत चालली. ती यमूची आत्मकथा आहे. बालपण, लग्न, सासर, मुंबईतला थोडका सुखाचा संसार, मग वैधव्य, आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. विधवांच्या स्थितीवर मराठीत त्याआधी थोडे लिहिले गेले नव्हते. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची. वृत्तपत्रांत वाद चालू होते, सभा होत होत्या. पण वादात विधवा हा विषय होता. हरिभाऊंच्या पुस्तकात ती “मी” म्हणून बोलली, अगदी घरातल्या साध्या बोलीत. ज्या घरांत तशीच एखादी यमू माजघराच्या अंधारात बसलेली होती, त्याच घरांत हे अंक दर आठवड्याला वाचले जात होते. डचेसबाईंना जे सुख लाभले ते या वाचकाला नव्हते. दुःख दूर नव्हते, भिंतीपलीकडे होते. शीर्षकातला प्रश्नही नेमका त्यालाच विचारलेला.

आता त्याच 1890 सालच्या मुंबईत चला. तेथे नारायण मेघाजी लोखंडे होते. जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, आपल्या देशातल्या कामगार चळवळीचे आद्य पुरुष. गिरणीत कोठीवर काम केलेले. त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये त्यांनी गिरणीकामगारांची सुमारे 10,000 जणांची सभा भरविली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. रविवारची सुट्टी त्या वर्षी मिळाली. ही गोष्ट पुष्कळांना माहीत आहे. त्याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. लोखंड्यांच्या प्रेरणेने मुंबईतले न्हावी कारागीर सभा भरवून जमले आणि विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवायचा नाही, असे त्यांनी ठरविले.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पुण्यात सुशिक्षितांच्या घरांत यमूची कहाणी वाचून अश्रू वाहू लागले होते. मुंबईत ज्यांच्यापैकी पुष्कळांना वाचताही येत नसेल, त्यांनी हत्यार खाली ठेवले. त्यांनी ती कादंबरी वाचली असण्याचा संभव नाही. ती अजून पुरी लिहूनही झाली नव्हती. केशवपनाची चाल त्यांच्या स्वतःच्या घरातली नव्हती, वरच्या म्हणविणाऱ्या जातींतली होती. वस्तरा खाली ठेवण्यात त्यांची मजुरी बुडत होती, गिऱ्हाईक नाराज होत होते. मग त्यांना हे कोणी शिकविले? मला वाटते, त्यांच्या हातांनी शिकविले. बारा-पंधरा वर्षांच्या पोरीचे डोके हाताखाली थरथरते म्हणजे काय, हे शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितांना ठाऊक नव्हते, सुधारकांनाही ऐकून ठाऊक होते. न्हाव्याच्या तळहाताला ते ठाऊक होते. त्या ठाऊक असण्याला लोखंड्यांनी सभा दिली, ठराव दिला, एकजूट दिली.

आणि येथेच कादंबरीचे काम काय ते मला उमगले. जे न्हाव्याच्या तळहाताला ठाऊक होते, ते हरिभाऊंनी ज्यांचा हात तेथे कधी पोचणार नव्हता अशा हजारो वाचकांना ठाऊक करून दिले. हे लहान काम नव्हे. हे काम ठरावाने होत नाही, हँडबिलाने होत नाही, माझ्यासारख्याच्या फाटकावरच्या भाषणाने तर मुळीच होत नाही. उत्तम कादंबरी आपला हात दुसऱ्याच्या कपाळावर नेऊन ठेवते. पण त्यानंतर हाताने काय करायचे ते कादंबरी करू शकत नाही. ते वाचकाचे काम आहे. चाल एका ठरावाने बंद पडली नाही, एका कादंबरीनेही पडली नाही. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन 1889 साली निघाले, धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला आणि 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. घरोघरच्या कितीतरी अनामिक आयांनी आपल्या मुलींसाठी कच खाल्ली नाही. तेव्हा कोठे काही दशकांनी ती चाल मावळली. या सर्वांच्या हातांत यमूचा हात नव्हता असे मी म्हणणार नाही.

विद्वान मंडळी मला म्हणतील, साहित्याला उपयोगाच्या तराजूत घालू नका. कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. मान्य आहे. मी कादंबरीला तराजूत घालीत नाही, वाचकाला घालतो आहे. ‘बारोमास’ने तिचे काम चोख केले होते. एकनाथाला माझ्या घरात आणून बसविले होते. कसूर झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, आणि ती माझी.

त्या सफाई कामगाराचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. तिसऱ्या दिवशी मी त्याचे घर शोधीत गेलो. त्याने आदल्याच दिवशी मुकादमाच्या कागदावर अंगठा दिला होता. तीन महिन्यांऐवजी एका महिन्याचा पगार घेऊन सारी बाकी मिटल्याचे त्यात लिहिले होते. घरात तांदूळ नव्हता, आणि मी “उद्या” म्हटले होते. मी पुष्कळ धावाधाव केली, पण तो कागद काही फिरला नाही. त्याने मला चहा दिला आणि एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याने दोष दिला असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतरही मी कादंबऱ्या वाचतो, आणि रडू आले तर रडतो. त्याची लाज वाटावी असे काही नाही. ज्याला रडू येत नाही तो संघटनेच्या कामाला फारसा उपयोगी पडत नाही, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. फक्त एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. चटका लावणारे पुस्तक मिटल्यावर दाराशी जो पहिला माणूस येईल, त्याचे बोलणे उभ्याने ऐकायचे नाही. त्याला बसायला खुर्ची द्यायची आणि त्याचा अर्ज त्याच दिवशी लिहायचा. या नियमाने समाजक्रांती होणार नाही हे मला कळते. पण हरिभाऊंनी शीर्षकात जो प्रश्न विचारून ठेवला आहे, त्याचे उत्तर निदान त्या दिवसापुरते तरी देता येते.